यादीबाहेरची चौतीस घरं : नागपूरच्या पुरानंतर एका मंडळीच्या मदतकार्याचा अभ्यास

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि दिवस उजाडेपर्यंत अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीतल्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी भरलं होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाची ती रात्र. अनेक घरांत बाहेरगावचे पाहुणे मुक्कामाला होते. बचावासाठी लष्कराला आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला होड्या घेऊन यावं लागलं.

लेआऊटमधल्या, म्हणजे आखीव निवासी वसाहतींमधल्या, बुडालेल्या गाड्यांची छायाचित्रं देशभर गेली. तेच पाणी पुढे नाल्याकाठच्या वस्त्यांमध्येही शिरलं होतं. अशाच एका वस्तीचं आणि तिच्या मदतीला गेलेल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायाचं, हे प्रकरण आहे. ते मंडळ्यांच्या समित्यांना अभ्यासायला सोपं जावं म्हणून मांडलं आहे. पूर, तारखा, सरकारी नियम आणि आरोग्याची प्रमाणं खरी आहेत. वस्ती आणि मंडळी मात्र नमुन्याची आहे, आणि तिथले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

वस्तीत ११२ चुली. त्यांतल्या ८६ घरांत पाणी अठरा इंचांच्या वर चढलं. बहुसंख्य घरं बौद्धांची, थोडी मुसलमानांची, अकरा ख्रिस्ती, आणि बालाघाट व छत्तीसगडकडून बांधकामावर आलेली भाडेकरू कुटुंबं. बायका बहुतेक सगळ्या लेआऊटमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाला जाणाऱ्या. मंडळी साधारण एक किलोमीटरवर, १४० कुटुंबांची. पाळक म्हणजे धर्मगुरू, पास्टरेट कमिटी म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी समिती, महिला मंडळ, तरुण संघ अशी नेहमीची घडण. पैसा जमला, हात जमले, उत्साहही होता. घसरलं ते यादीवर.

पहिले तीन दिवस

शनिवारी सकाळी तरुण संघाची मुलं वस्तीत पोहोचली तेव्हा लोक गणेश मंडळाच्या मांडवात आणि बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेले होते. विहाराच्या महिला मंडळाने चहा आधीच सुरू केला होता. इथे मंडळीने एक फार चांगला निर्णय घेतला. आपलं स्वयंपाकघर वेगळं न थाटता त्यांच्याच चुलीला शिधा आणि दोन सिलिंडर दिले. वस्तीत कोण कुठे आहे, कोणाला साखरेचा आजार आहे, कोणाचं बाळ अंगावर पितं हे त्या बायकांना पाठ असतं. बाहेरून गेलेल्याला ते कळायला आठवडा लागतो.

खिचडीचं माप माणशी १२० ग्रॅम कोरडं धान्य धरावं. ३०० माणसांना २६ किलो तांदूळ, १० किलो डाळ, तीन लिटर तेल. खिचडी शिजल्यापासून चार तासांत संपली पाहिजे. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात दुपारची खिचडी रात्री वाढली की जुलाबाची साथ आपणच आणतो. म्हणून एकदाच मोठा हंडा चढवण्यापेक्षा दोन वेळा अर्धा चढवणं बरं. लहान मुलांसाठी दूध पावडर वाटू नये. बाटली उकळायची सोय नाही आणि पाणी भरवशाचं नाही अशा जागी ती घातक ठरते. आईलाच जास्तीचं जेवण आणि पाणी द्यावं.

जुने कपडे मात्र या तीन दिवसांतलं सगळ्यात वाया गेलेलं काम. रविवारच्या उपासनेत आवाहन झालं आणि संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये ढीग लागला. त्यात लग्नातले ब्लेझर, स्वेटर, आणि बाकीचं बहुतेक न धुतलेलं. वर्गवारी करायला सहा बायकांचे दोन दिवस गेले. वस्तीला खरं हवं होतं ते आतले नवे कपडे, सॅनिटरी पॅड, परकर, टॉवेल, चादरी आणि शाळेचा गणवेश. आवाहन करताना ‘काय आणावं’ इतकंच ‘काय आणू नये’ हेही सांगायला हवं. ज्याच्या घरचं सगळं चिखलात गेलं त्याला आपण वापरून टाकलेलं देतो तेव्हा त्याच्याविषयी आपलं मत काय आहे, हे त्याला बरोबर कळतं.

पाणी, गाळ आणि वीज

पूर ओसरला की माणसं लगेच घर धुवायला लागतात, आणि तिथेच दोन गोष्टी बिघडतात. पहिली पंचनाम्याची, ती पुढे येईल. दुसरी ब्लीचिंगची. गाळावर ब्लीचिंग पावडर कितीही पसरली तरी उपयोग नाही, कारण सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. आधी फावड्याने गाळ काढायचा, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, आणि त्यानंतर एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन सपाट चमचे, ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण फरशीवर व भिंतीवर पाणी चढलं होतं तिथपर्यंत मारायचं. दहा मिनिटं तसंच ठेवून पुसायचं. संडासाचं ॲसिड यात कधीही मिसळू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

पिण्याच्या पाण्याला अर्ध्या ग्रॅमची एक क्लोरीन गोळी २० लिटरला पुरते. पाणी आधी कापडातून गाळून घ्यावं, गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबावं. गोळ्या वाटल्या आणि २० लिटरचं झाकणाचं भांडं दिलं नाही तर गोळी कळशीत टाकली जाते, पाणी उग्र लागतं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या कोपऱ्यात पडतात. या मंडळीने ८६ घरांना गोळ्यांसोबत झाकणाची बादली दिली. खर्च वाढला, पण गोळ्या वापरल्या गेल्या.

नागपुरात जुन्या वस्त्यांमध्ये विहिरी अजून आहेत आणि पुरात त्यांच्यात नाल्याचं पाणी जातं. विहिरीतलं पाणी मोजायचं ते असं: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४ भागिले ४, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटर येतं, त्याला हजाराने गुणलं की लिटर. दोन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण १२,५०० लिटर. नेहमीच्या वेळी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणजे इथे ३० ग्रॅमच्या आसपास. पुरानंतर आधी उपसा करावा लागतो आणि मात्राही जास्त लागते. म्हणून अंदाजाने न टाकता एका तासानंतर क्लोरीन तपासावं. ते लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम उरलं पाहिजे. तपासणीचा साधा संच मनपाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे असतो, त्यांना बोलवावं.

गाळ काढणाऱ्या प्रत्येकाला गमबूट आणि रबरी हातमोजे. अनवाणी, पायाला भेगा असलेल्या माणसाला उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप गाठतो. प्रतिबंधक गोळी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कोणाला द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. स्वयंसेवकांनी औषधं वाटू नयेत. आणि भिजलेला फ्रिज, कूलर, शिलाई मशीनची मोटर चालू करून बघायचा मोह आवरावा. वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही. पाण्यातून वाचलेली मोटर घाईने बटन दाबल्यामुळे जळते.

यादी

रविवारी, २४ तारखेला, उपासनेनंतर हॉलमध्ये टेबल मांडून नावं लिहून घेतली. ७४ नावं झाली. मंगळवारी त्या यादीप्रमाणे वाटप करायचं ठरलं. सोमवारी विहारातल्या एका वयस्कर बाईने यादी ऐकली आणि विचारलं, “नाल्याला लागून राहणाऱ्या यात कुठंच नाहीत का?”

कमिटीने यादी वस्तीच्या नकाशावर लावली तेव्हा चित्र दिसलं. ७४ पैकी ५२ घरं वस्तीतली होती. उरलेली २२ मंडळीच्या सभासदांची, वस्तीबाहेरची. त्यांच्याकडे पाणी आलं होतं, पण पायरीपर्यंत. आणि वस्तीतल्या ८६ बुडालेल्या घरांपैकी ३४ यादीत नव्हतीच. त्यांत १९ भाडेकरू होते. टेबलावर घरमालक आला, त्याने आपलं नाव दिलं आणि तीन खोल्यांतली तीन कुटुंबं एका नावाखाली गेली. नऊ कुटुंबं नातेवाइकांकडे गेली होती. सहा घरांत येऊ शकणारं कोणी नव्हतं: अंथरुणावरची म्हातारी, लहान मुलांसोबत एकटी आई, रविवारीही मजुरीला गेलेला एकमेव कमावता.

कोणी मुद्दाम डावललं नव्हतं. टेबल चर्चच्या हॉलमध्ये होतं, वेळ उपासनेनंतरची होती, आणि लिहिणारे ओळखीचे होते. एवढ्यानेच यादी तिरकी झाली. टेबल मांडलं की जो येऊ शकतो तो येतो, आणि ज्याचं सगळ्यात जास्त गेलं आहे तोच बहुधा येऊ शकत नाही.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अगदी हाच पेच आहे. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, तशी कुरकुर सुरू होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, श्रद्धा कमी पडते असंही म्हटलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातांची नावं वाचली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा सुटत होत्या, वाटपाचा कारभार बहुधा त्यांच्याच हाती सोपवला गेला. आणि ही नेमणूक प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून झाली. यादी करणं हे कारकुनी काम आहे आणि प्रवचन हे खरं काम, अशी वाटणी त्या अध्यायात नाही. ज्या मंडळीत रेशनच्या पिशव्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला वचन वाचणाऱ्याइतका मान नाही, तिने हा अध्याय पुन्हा वाचावा.

पाळकांनी वाटप दोन दिवस पुढे ढकललं. हा निर्णय सोपा नव्हता, कारण पिशव्या भरून तयार होत्या आणि लोक विचारत होते. जेवण चालूच होतं, म्हणून दोन दिवस थांबणं परवडलं. शिजवलेलं अन्न चालू असेल तरच यादी दुरुस्त करायला वेळ मिळतो. नाहीतर भूक यादीला घाई करते.

दुसरी यादी घरोघर फिरून झाली. प्रत्येक जोडीत एक वस्तीतली बाई आणि एक बाहेरचा माणूस. फक्त वस्तीतली असेल तर तिच्यावर शेजाऱ्यांचा दबाव येतो, फक्त बाहेरचा असेल तर त्याला घरं सापडत नाहीत. सुरुवात नाल्यापासून, शेवट रस्त्याकडे. वेळ सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर, म्हणजे मजूर घरी सापडतात. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेची उंची टेपने मोजून लिहायची. ‘खूप नुकसान’ हा शब्द लिहायचा नाही. घर म्हणजे दार नव्हे, चूल. एका दारात तीन चुली असतील तर तीन नोंदी. कमावते किती, त्यांचं काम बंद आहे का, कामाचं कोणतं साधन गेलं, कोणती कागदपत्रं भिजली, कर्जाचा हप्ता कोणत्या वारी, घरात गरोदर किंवा अंथरुणावरचं कोणी, आणि आजवर कोणाकडून काय मिळालं. धर्म आणि जात हे रकानेच ठेवले नव्हते. मंडळीचे सभासद वेगळे ओळखू यावेत अशी एका सदस्याची सूचना होती, ती कमिटीने मानली नाही, आणि ते अगदी योग्य झालं.

वस्तीबाहेरच्या २२ सभासदांचं काय? पाळकांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं की त्यांचं नाव या यादीतून काढलं आहे आणि का. दोघं नाराज झाले. बायबलातल्या गलतीकरांस पत्रात विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेषेकरून भलं करा असं आहे, हा त्यांचा मुद्दा. पण त्याच वाक्यात आधी ‘सर्वांचं’ आहे. त्या २२ पैकी ज्यांना गरज होती त्यांना मंडळीच्या नेहमीच्या गरीब निधीतून पाहिलं गेलं, पुराच्या अर्पणातून नाही.

तयार यादी वस्तीत लावताना नावं लावली नाहीत, घरांचे क्रमांक लावले. हरकतीला दोन दिवस दिले. सात हरकती आल्या, चार खऱ्या निघाल्या.

पिशवीत काय

पाच माणसांच्या कुटुंबाला सात दिवस, माणशी रोज २,१०० उष्मांक धरले तर ७३,५०० लागतात. तांदूळ ८ किलो, कणीक ६ किलो, तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, पोहे १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो: एवढ्यात ते भरतं. त्यावर मीठ, तिखट, हळद, चहापत्ती, काडेपेटी, अंगाचे दोन आणि कपड्यांचे दोन साबण. ठोकात घेतल्याने पिशवी १,५०० रुपयांना पडली. सात माणसांच्या घराला दीड पिशवी द्यावी लागते. सगळ्यांना सारखंच द्यायचा हट्ट धरला तर मोठ्या घरावर अन्याय होतो, आणि मोठी घरं बहुधा गरिबांचीच असतात.

शिधापत्रिका असलेल्या प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळतं. त्यांचं भरलेलं धान्य भिजलं होतं, पण पुढच्या महिन्याचं येणार होतं. परप्रांतीय भाडेकरूंनाही त्यांच्या गावच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं, हे अनेकांना माहीत नव्हतं. त्यांच्यासोबत दुकानापर्यंत जाणं हे एका पिशवीपेक्षा मोठं काम होतं, कारण ते दर महिन्याला पुरतं.

पंचनामा आणि भाडेकरू

राज्य सरकारने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १०,००० रुपये, टपरीधारकांना १०,००० आणि दुकानदारांना ५०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. मंडळी कितीही मोठी असली तरी एवढी रक्कम प्रत्येक घराला देऊ शकत नाही. म्हणून मंडळीच्या पैशापेक्षा सरकारी मदत योग्य माणसाच्या खात्यात पोहोचवणं हे जास्त मोलाचं काम आहे. आमच्या मते मदत समित्या यालाच सगळ्यात कमी वेळ देतात, कारण त्यात वाटपाचं समाधान नसतं.

अडतं ते असं. कर्मचारी पंचनाम्याला येतात तोवर घर धुतलेलं असतं. म्हणून धुण्याआधी पाण्याच्या खुणेसोबत घरमालकिणीचा, भिजलेल्या सामानाचा आणि दारावरच्या क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढावा. जो दिवसभर मजुरीला जातो त्याच्या दाराला कुलूप दिसतं आणि तो सुटतो. शेजारच्या घरी मोबाइल क्रमांक लिहून ठेवावा. नोंद घरमालकाच्या नावाने होते आणि भांडी-अंथरूण मात्र भाडेकरूचं गेलेलं असतं. आणि पैसे मंजूर होऊनही परत जातात, कारण खातं बराच काळ न वापरल्याने बंद पडलेलं किंवा आधारशी न जोडलेलं.

मंडळीच्या महिला मंडळाने विहारात संध्याकाळी टेबल लावलं. झेरॉक्स, पासबुकाची तपासणी, भाडेकरूसाठी साध्या कागदावर अर्ज. त्यात किती वर्षं राहतो, वीजबिल कोण भरतं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, आणि मुलांच्या शाळेचा दाखला. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायचीच. १९ भाडेकरूंपैकी ११ जणांचा वेगळा पंचनामा झाला. आठ जणांचा शेवटपर्यंत झाला नाही, त्यांत चौघांच्या घरमालकांनी ‘हे आमच्याकडे राहतात’ एवढंही लिहून द्यायला नकार दिला. भाडेकरूचा हक्क लागेल ही त्यांची भीती. पाळक आणि विहाराचे अध्यक्ष जोडीने भेटायला गेले तेव्हा दोघांनी सह्या दिल्या, पण तोवर मुदत संपली होती. ही भेट पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती.

कामाची साधनं आणि बुडालेली मजुरी

येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोनीची गोष्ट, म्हणजे लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला वाचवणाऱ्या परक्याची, प्रत्येक मदतकार्यात वाचली जाते, पण तिचा शेवटचा भाग घाईत उरकतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. शिवाय जास्त लागलं तर परत येईन तेव्हा भरीन असं सांगून जातो. माणूस पायावर उभा राहीपर्यंतचा खर्च त्याने धरलेला आहे, आणि परत यायचं कबूल केलं आहे.

या मंडळीकडे एकूण ३,४०,००० रुपये जमले. जेवण, बादल्या, ब्लीचिंग यांवर ४६,००० आणि ८६ पिशव्यांवर १,२९,००० गेले. सात माणसांच्या घरांची जादा अर्धी पिशवी एका व्यापाऱ्याने धान्यरूपात भरून दिली. कागदपत्रं आणि वाहतूक ९,०००. पुढच्या आजारपणासाठी २५,००० राखून ठेवले. उरलेले १,३१,००० रुपये २३ कुटुंबांच्या रोजगारावर लावले.

त्यांत सात शिलाई मशीनवाल्या होत्या. चार मशीन उघडून, रॉकेलने धुऊन, तेल देऊन आणि मोटर वायंडिंगवाल्याकडे टाकून प्रत्येकी १,५०० रुपयांत सुरू झाल्या. तीन नव्या घ्याव्या लागल्या, प्रत्येकी ८,०००. चार चहा-भाजीच्या हातगाड्यांना ११,००० प्रमाणे, तीन इस्त्रीवाल्यांना टेबल आणि इस्त्रीसाठी ७,००० प्रमाणे. इस्त्रीवाल्यांचं दुखणं वेगळंच होतं. गिऱ्हाइकांचे कपडेही वाहून गेले होते आणि भरपाई मागितली जात होती. त्यावर मंडळीकडे उत्तर नव्हतं. तरुण संघाची दोन मुलं गिऱ्हाइकांशी बोलायला सोबत गेली, एवढंच.

उरलेल्या नऊ जणी घरकाम करणाऱ्या. त्यांच्याबद्दल कमिटीत सगळ्यात जास्त वाद झाला. लेआऊटमधले त्यांचे मालक नातेवाइकांकडे राहायला गेले होते, कामं महिना-दीड महिना बंद. पंचनाम्यात बुडालेल्या मजुरीचा रकाना नाही. आणि बचतगटाच्या नावाखाली घेतलेल्या सूक्ष्म कर्जाचा आठवड्याचा हप्ता थांबत नाही. रोख दिली तर उडवतील, असं काहींचं म्हणणं. विहारातल्या बायकांनी स्पष्ट सांगितलं की हप्ता चुकला तर त्या मंगळसूत्र सोनाराकडे ठेवतील. मग प्रत्येकीच्या खात्यात ४,००० रुपये, दोन हप्त्यांत, थेट जमा झाले. रोख घेणारी बाई उधळी असते या समजाला आधार नाही. तिचा महिन्याचा हिशेब कमिटीतल्या कोणाहीपेक्षा काटेकोर असतो, कारण चुकायला तिच्याकडे जागाच नाही.

ज्या घरांत मंडळीचे सभासदच मालक होते, तिथे पाळकांनी प्रवचनात विषय काढला: बाई कामावर आली नाही म्हणून पगार कापू नका, आणि गाळ काढायला बोलावलं तर त्याचे वेगळे पैसे द्या. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, हे बायबलाच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. दयेचा हा भाग अर्पणाच्या ताटात दिसत नाही.

श्रद्धा कुठे दिसावी, कुठे दिसू नये

२४ तारखेच्या उपासनेतच कोणीतरी ‘हा देवाचा कोप’ असं म्हणून गेलं. पाळकांनी पुढच्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायावर बोलायचं ठरवलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं येशू विचारतो आणि ‘नाही’ म्हणतो. नाल्याकाठी घर असणं हे पाप नाही. तिथेच भाडं परवडतं, म्हणून तिथे घर आहे. हे व्यासपीठावरून सांगितल्यावर मदत करणाऱ्यांचा बोलण्याचा सूर बदलतो.

पिशवीत पत्रक नव्हतं, वचनाचा कागद नव्हता, मंडळीच्या नावाचा बॅनर नव्हता. वाटप विहारात झालं. प्रार्थना कोणी मागितली तर त्याच्या घरी, वाटपाच्या वेळी नाही. घेणाऱ्यांचे फोटो काढले नाहीत; दात्यांना बिलं दाखवली. १९९४ साली रेडक्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी जी आचारसंहिता स्वीकारली तिच्यातही मदत गरजेनुसार, वंश-पंथ न पाहता, आणि कोणतंही धार्मिक वा राजकीय मत पुढे नेण्यासाठी ती वापरायची नाही, असं आहे. मध्य प्रांतातल्या १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी उपाशी मुलींना केडगावला नेऊन जगवलं. त्या काळातल्या मिशन अनाथाश्रमांनी असंख्य जीव वाचवले. तरीही ‘तांदळासाठी झालेले ख्रिस्ती’ हा शब्द चिकटला तो आजही निघतो. उपाशी माणसासमोर अन्न आणि विश्वास एकाच ताटात ठेवला तर त्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही, आणि मोकळीक नसेल तर तो विश्वासही नाही. कमिटीतल्या ज्यांना हे रुचत नव्हतं त्यांना पाळकांनी एवढंच विचारलं की शोमरोन्याने जखमी माणसाकडून काय कबूल करून घेतलं होतं.

पैशाची वाट

बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल वर्गणी पोहोचवायला तीत या आपल्या सहकाऱ्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो, आणि कारणही लिहितो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला दोष देता येऊ नये. त्यामुळे दोन सह्या, रोजचा रोजकीर्द, आणि वस्तीतल्या एकीला बिलं पाहायचा हक्क.

इथे एक कायदेशीर खड्डा आहे, त्यात चांगल्या मनाच्या मंडळ्या पडतात. पूर आल्यावर परदेशातले नातेवाईक लगेच पैसे पाठवायला तयार होतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरले जात नाहीत. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याचे पैसे विदेशी अंशदान ठरतात, मग तो आपल्याच मंडळीत वाढलेला का असेना. ते घ्यायला विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही ते दुसऱ्या संस्थेला वर्ग करू शकत नाही. या मंडळीला नोंदणी नव्हती. कोषाध्यक्षांनी अशा दोन रकमा आभार मानून नाकारल्या. देशातल्या दात्यांना देणगीवरची प्राप्तिकर सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोखीत घेऊ नये, त्यावर सवलत मिळत नाही.

जानेवारीपर्यंत

राखून ठेवलेल्या २५,००० पैकी १७,००० डेंग्यू आणि तापाच्या तपासण्यांवर ऑक्टोबरातच गेले. गाळ निघाला तरी फुटके डबे, टायर आणि कूलरच्या टाक्या तशाच राहतात आणि त्यांतल्या स्वच्छ पाण्यात डास होतात. एक दिवस फक्त हे गोळा करायला ठेवायला हवा होता.

तेवीसपैकी वीस कुटुंबांचं काम नाताळपर्यंत सुरळीत झालं. दोन हातगाड्या अतिक्रमणविरोधी कारवाईत उचलल्या गेल्या. एक शिलाई मशीन विकावी लागली, नवऱ्याच्या आजारपणासाठी. ती परत घेऊन द्यायची की नाही यावर कमिटीत मतभेद झाले, शेवटी उरलेल्या ८,००० मधून दवाखान्याचं बिल भरलं आणि मशीन परत घेऊन दिली.

वस्ती, विहार आणि मंडळी यांची मिळून सात जणींची एक समिती जानेवारीत नेमली गेली. त्यांच्यापुढे पावसाळ्याआधीची कामं आहेत. मे महिन्यातच वॉर्डात लेखी अर्ज देऊन नाल्याचा गाळ काढून घ्यायचा, आणि काढलेला गाळ काठावरच न ठेवता उचलून न्यायला लावायचा, कारण पहिल्या जोरदार सरीत तो पुन्हा आत जातो. प्रत्येक घराची कागदपत्रं झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून छताजवळच्या खुंटीला टांगायची आणि त्यांची प्रत डिजिलॉकरमध्ये चढवायची. रात्री पाणी वाढलं तर कोणी कोणाला फोन करायचा, अंथरुणावरच्या दोघींना कोणी उचलायचं, हे नावानिशी ठरवायचं. चर्चच्या हॉलची एक किल्ली वस्तीत ठेवायची. आणि जे आठ भाडेकरू पंचनाम्यातून सुटले त्यांची नावं घरपट्टीच्या नाही तरी निदान समितीच्या वहीत, पाण्याच्या उंचीसकट, पहिल्या पानावर लिहायची. त्यांतली तीन कुटुंबं दुसऱ्या नाल्याकाठी राहायला गेली आहेत, त्यांचा नवा पत्ता अजून मिळवायचा आहे.